‘कल्पित’ या विशेषणाचे मूल्य: चावेस आणि वनराज भाटिया

मेक्सिकन संगीतकार कार्लोस चावेस (१८९९-१९७८) यांची ‘शोचिपिल्ली’ ही रचना १९४० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, मेक्सिकन कलेच्या प्रदर्शनानिमित्त प्रथम सादर झाली. शोचिपिल्ली हा अॅझ्टेकांचा पुष्प, संगीत आणि नृत्य यांचा देव. ही रचना चार सुषिर वाद्ये व सहा तालवादक अशा लहान वाद्यवृंदासाठी आहे. तीत तेपोनास्त्ली आणि वेवेत्ल ही मूळची तालवाद्ये येतात. शंखाची जागा मात्र ट्रॉम्बोन घेतो. ‘कल्पित अॅझ्टेक संगीत’ असे तिचे उपशीर्षक आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या ‘कल्पित’ शब्दावर आहे.

१५२१ मधील स्पॅनिश विजयानंतर अॅझ्टेकांची दरबारी व धार्मिक संगीतपरंपरा खंडित झाली. वाद्ये, चित्रपोथ्या आणि मिशनऱ्यांची वर्णने उरली, स्वरलेखन नव्हतेच. अनुवादकापुढे निदान मूळ संहिता असते. चावेस यांच्यापुढे तीही नव्हती. अॅझ्टेक संगीत अर्धस्वररहित, पंचस्वरी होते, हे त्यांचे गृहीतक पुढील संशोधकांनी मान्य केले नाही. तथापि त्यामुळे रचना कोसळत नाही, कारण तिने पुराव्याचा आव आणलेलाच नाही. उपशीर्षक हा येथे श्रोत्याशी केलेला करार ठरतो.

याच्या शेजारी दिल्ली दूरदर्शनच्या काळातील एक भारतीय उदाहरण ठेवता येते. नेहरूंच्या ग्रंथावर आधारित ‘भारत एक खोज’ ही श्याम बेनेगल यांची ५३ भागांची मालिका १९८८ पासून प्रसारित झाली. तिच्या शीर्षकगीतासाठी वनराज भाटिया (१९२७-२०२१) यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त निवडले. लंडन व पॅरिस येथे शिकलेले भाटिया १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवीत होते. सूक्ताचे हिंदी रूप मराठी नाटकांचे अनुवादक वसंत देव यांचे आहे.

दोन्ही संगीतकारांची परिस्थिती परस्परविरुद्ध आहे. चावेस यांच्यापुढे पोकळी होती. भाटियांपुढे उदात्त, अनुदात्त, स्वरित यांसह चालत आलेली जिवंत पठणपरंपरा होती. त्या पठणाला वाद्यांची साथ नसते. भाटियांनी समूहस्वर आणि वाद्ये योजून तिच्यापासून जाणीवपूर्वक फारकत घेतली. म्हणजे कल्पनेचा वाटा येथेही मोठा आहे. परंतु तो कोठेही नोंदलेला नाही; उलट ‘खोज’ हे शीर्षक शोधाचेच सूचन करते. परिणामी घरोघरी रविवारी सकाळी ऐकू येणारे हे विसाव्या शतकातील वृंदगान अनेकांच्या मनात ‘प्राचीन भारताचा ध्वनी’ म्हणून रुजले.

हा भाटियांवरील आरोप नव्हे. शीर्षकगीताला तळटीप जोडता येत नाही, आणि रचनेचे सामर्थ्यही निर्विवाद आहे. प्रश्न ग्रहणाचा आहे. नासदीय सूक्ताच्या सातही ऋचा प्रश्नाकडे जातात. सृष्टीचा अध्यक्ष तरी हे जाणतो की नाही, या संशयावर सूक्त थांबते. देवांच्या हिंदी रूपात हा संशय शाबूत आहे. समूहस्वराच्या भव्यतेत मात्र तो श्रद्धेसारखा ऐकू येतो. शब्द ‘ठाऊक नाही’ म्हणतात आणि नाद खात्री देतो, हा या रचनेतील खरा ताण आहे. समीक्षेने तो फारसा विचारात घेतलेला नाही.

तौलनिक अभ्यासात प्राचीनतेची पुनर्निर्मिती बहुधा अस्सलतेच्या कसोटीवर तपासली जाते. ही कसोटी दोन्ही रचनांना अन्याय करते. मूळाशी साम्य किती, यापेक्षा स्वतःच्या कल्पनेचा वाटा रचना कोठे आणि कसा कबूल करते, हे विचारणे अधिक फलदायी ठरते. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला हा प्रश्न अपरिचित नाही. तेथेही कल्पित संवाद कालांतराने इतिहास म्हणून उद्धृत होतात. भूतकाळ कल्पिण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे. चावेस यांनी त्या अधिकारासोबत येणारे कर्तव्य एका विशेषणात पार पाडले.