बारा चेतांचा तक्ता आणि न मिटणारी पापणी

बारावीच्या जीवशास्त्रात मस्तिष्क चेतांचा एक तक्ता असतो. क्रमांक, नाव, प्रकार, कार्य असे रकाने आणि बारा ओळी. मार्गदर्शकात तो जसाच्या तसा उतरतो, भित्तिचित्रावर रंगीत होतो, आणि परीक्षेत ‘संवेदी, प्रेरक की मिश्र ते लिहा’ एवढ्या रूपात परत येतो. इंग्रजी माध्यमाची मुले ऑलिंपस पर्वतावरची एक ओळ पाठ करून बाराही आद्याक्षरे लक्षात ठेवतात. मराठी माध्यमाची मुले तेवढ्याच निष्ठेने नुसतीच घोकंपट्टी करतात.

अमरावती आणि अकोल्याकडे व्याख्यानांच्या निमित्ताने जाणे होते, तेव्हा मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. डोळा उघडणारी चेता कोणती आणि मिटणारी कोणती? बहुतेक वेळा उत्तर येते, ‘दृक् चेता, क्रमांक दोन’. तक्त्यात दोन क्रमांकापुढे ‘डोळा’ लिहिलेले असते, त्यामुळे मुलांचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण दृक् चेता पापणीला हात लावत नाही. पापणी उचलण्याचे काम तिसऱ्या चेतेचे, म्हणजे नेत्रप्रेरक चेतेचे. पापणी मिटते ती सातव्या, म्हणजे आननी चेतेमुळे. आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलावर धुळीचा कण बसला की खुपते ते पाचव्या, त्रिशाखी चेतेमुळे. एका डोळ्याच्या उघडमिटीत इतक्या जणी गुंतलेल्या आहेत, हे बारा ओळींच्या तक्त्यातून कधीच दिसत नाही. तक्त्यात चूक काहीच नसते, म्हणूनच तो कोणी तपासत नाही.

भाषेचा गोंधळ वेगळाच. पाठ्यपुस्तक ‘चेता’ म्हणते, विश्वकोश ‘तंत्रिका’ म्हणतो, वर्तमानपत्र ‘मज्जातंतू’ म्हणते आणि गावातला माणूस ‘नस’ म्हणतो. त्यातही ‘नस’ म्हणजे कधी रक्तवाहिनी असते, कधी चेता. ‘नस दबली’ असे सांगणाऱ्या आजोबांचा आणि वर्गातल्या ‘चेता’ या शब्दाचा काही संबंध आहे, हे मुलाला कोणी सांगितले नाही तर ते त्याला कळायचे कसे? शिक्षकांनी चारही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, एवढे सहज करता येईल.

बारा हा आकडाही दगडावरची रेघ नाही. गेलेनच्या मोजणीत सात जोड्या होत्या. थॉमस विलिस यांनी १६६४ च्या ग्रंथात मोजणी पुष्कळ सुधारली, पण चेहऱ्याची आणि कानाची चेता त्यांनी एकाच जोडीत धरली होती. आजची बाराची यादी सॉमरिंग यांनी १७७८ मध्ये दिली. त्यातली दुसरी तर रचनेच्या दृष्टीने चेता नव्हेच, मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. आणि अकराव्या चेतेचे मानेच्या स्नायूंना जाणारे तंतू निघतात मानेतल्या मेरुरज्जूतून. हे वर्गात सांगितले तर मुलांचा तक्त्यावरचा विश्वास उडेल अशी भीती काहींना वाटते. मला वाटते, तो थोडा उडालेला बरा.

पाचवी आणि सातवी यांचे काम वेगळे आहे हे समजायलाही एकोणिसावे शतक उजाडावे लागले. चेहऱ्यात असह्य कळा येणाऱ्या रोग्यांची सातवी चेता शल्यवैद्य कापत असत. कळ तशीच राही आणि वर तोंड वाकडे होई. १८२१ मध्ये चार्ल्स बेल यांनी गाढवावर केलेल्या प्रयोगांतून चेहऱ्याची हालचाल सातवीमुळे होते हे दाखवले. त्यांचे काही निष्कर्ष पुढे दुरुस्त करावे लागले, पण मुख्य मुद्दा टिकला: चेहऱ्याचे जाणणे पाचवीकडे, हलणे सातवीकडे.

आता वैद्य याची परीक्षा कशी घेतात ते पाहू. कापसाची बारीक वळलेली वात उजव्या डोळ्याच्या पटलाला बाजूने हलकेच टेकवायची. निरोगी माणसाच्या दोन्ही पापण्या एकदम मिटतात. समजा उजवी पाचवी निकामी आहे. मग उजवीकडे स्पर्श केला तर एकही पापणी हलणार नाही, डावीकडे केला तर दोन्ही मिटतील. समजा उजवी सातवी निकामी आहे. मग स्पर्श कोणत्याही बाजूला करा, डावीच पापणी मिटेल. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना यात विजेच्या मंडलातला दोष शोधण्याची रीत दिसेल. आत जाणारी तार कोणती तुटली आणि बाहेर येणारी कोणती, हे मेंदू न उघडता कळते. जी मुले तक्ता पाठ करून विसरतात, ती हे कोडे विसरत नाहीत. (डोळ्याला कापूस लावण्याचा हा प्रयोग मात्र वर्गात करू नये. पटलाला इजा होते. फळ्यावर आकृती काढून सोडवावा.)

हे कोडे अमरावतीकरांना परके वाटू नये. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन उभे केले ते कुष्ठरुग्णांसाठी. याच जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथेही कुष्ठरोगाचे जुने रुग्णालय आहे. कुष्ठरोग म्हटले की आपल्याला झडलेली बोटे आठवतात. पण हा मुळात त्वचेचा आणि चेतांचा रोग आहे, आणि मस्तिष्क चेतांपैकी त्याच्या तडाख्यात प्रामुख्याने सापडतात त्या नेमक्या पाचवी आणि सातवी. सातवी गेली की पापणी मिटत नाही. पाचवी गेली की डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही. एकटी सातवी गेली तर डोळा खुपतो आणि माणूस पाणी मारतो, हाताने झाकतो. दोन्ही गेल्या तर उघडे पटल कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि तरी दुखत नाही. न दुखल्यामुळे कोणी दवाखान्यात जात नाही. अशा रीतीने, दृक् चेता पूर्ण शाबूत असताना माणसाची दृष्टी जाते. ‘दृष्टी : चेता क्रमांक दोन’ या ओळीत ही गोष्ट कुठे बसवायची?

या दोघीच का, याचे उत्तर शरीररचनेतच आहे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थंड जागा मानवते, साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आसपासची. म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या चेता तो गाठतो. कोपरापाशी हाताची, गुडघ्याखाली पायाची, आणि गालाच्या हाडावरून पापणीकडे जाणारी सातवीची शाखा. म्हणूनच कुष्ठरोगात पुष्कळदा पापणी मिटत नाही पण तोंड सरळ असते. कानामागे सातवी चेता मुळातच सुजली (याला बेलचा पक्षाघात म्हणतात) तर चेहऱ्याची अख्खी बाजू लुळी पडते, कपाळावर आठीही पडत नाही. आणि मेंदूतल्या पक्षाघातात ओठ वाकडा होतो पण आठी पडते, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा पोचतात. चेता तीच, क्रमांक तोच, पण बिघाडाची जागा बदलली की चेहरा बदलतो.

बहुऔषधी उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली आणि रोग बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, तेव्हा निर्मूलन जाहीर झाले. या निर्मूलनाचा अर्थ रोग संपला असा नाही. आजही दरवर्षी जगात सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात आणि त्यांत लहान मुलेही असतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण चेतेचे नुकसान सुमारे सहा महिन्यांच्या आत लक्षात आले तरच स्टेरॉइडने ते भरून येण्याची चांगली शक्यता असते. एवढ्या मुदतीत ते कोणाच्या लक्षात येणार? मुलाच्या चेहऱ्याकडे रोज पाच तास पाहणारा माणूस शिक्षकच असतो.

पाहायचे काय, तर झोपल्यासारखे अलगद डोळे मिटायला सांगायचे आणि फट राहते का ते बघायचे. घट्ट मिटायला सांगू नये, कारण सुरुवातीच्या दुबळेपणात जोर लावला की फट झाकली जाते. पापण्यांची उघडझाप मिनिटाला साधारण पंधरा वेळा होते. एक डोळा ती अर्धवट करत असेल तर मुलाला चारचौघांत काही न बोलता पालकांना भेटावे आणि आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. निदान डॉक्टरांनी करायचे. सगळ्या न मिटणाऱ्या पापण्या कुष्ठरोगाच्या नसतात, आणि चुकीच्या शब्दाने मुलाचे जे नुकसान होते ते कोणत्याच स्टेरॉइडने भरून येत नाही.

उलट बाजूही वऱ्हाडात माहीत असायला हवी. जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या जड होऊन खाली येतात. माणसाला वर पाहायला सांगितले तर पापण्या टिकत नाहीत. मग गिळता येत नाही, बोलणे जड होते. तिसरी, नववी, दहावी, बारावी अशा सगळ्या चेता एकदम गेल्यासारखे दिसते, पण एकही चेता तुटलेली नसते. विष चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसलेले असते. बेलच्या पक्षाघातात पापणी मिटत नाही, येथे ती उघडत नाही. हा फरक ज्याला ठाऊक आहे तो ‘झोप झाली नसेल’ असे म्हणून वेळ घालवणार नाही, रुग्णाला थेट रुग्णालयात नेईल.

पाठ्यपुस्तक मंडळाकडे माझे मागणे मोठे नाही. तक्ता राहू द्या. त्याखाली डोळ्याची एक आकृती द्या, तीत तिसरी, पाचवी आणि सातवी तीन रंगांत दाखवा. आणि ‘मस्तिष्क चेतांच्या जोड्या किती?’ या एका गुणाच्या प्रश्नाऐवजी तीन गुणांचा एक प्रश्न घाला: एका रुग्णाच्या उजव्या पटलाला स्पर्श केला असता कोणतीच पापणी मिटली नाही, डाव्या पटलाला स्पर्श केला असता फक्त डावी मिटली, उजवीकडच्या कोणत्या चेता निकामी आहेत, आणि त्या डोळ्याची काळजी रुग्णाने कशी घ्यावी?