फळीवरचे शास्त्र आणि खिळ्यावरचा फोक

नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरात भिंतीला एक फळी होती. फळीवर पवित्र शास्त्र आणि गायनाचे पुस्तक, फळीखालच्या खिळ्याला निर्गुडीचा फोक. दिवेलागणीला प्रार्थना होई आणि मग दिवसभराच्या गुन्ह्यांचा झाडा घेतला जाई. खोटे बोललो, उपासना चुकवली, थोरांना उलट उत्तर दिले, की फोक खाली येई. मारून झाल्यावर बाप डोळे मिटून आमच्यासाठी प्रार्थना करी. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी आज निश्चित सांगतो. म्हणूनच प्रश्न एका बापाचा नाही. त्याच्या हाती फोक देणाऱ्या वाचनाचा आहे.

ख्रिस्ती कुटुंबाच्या शिस्तीवर प्रवचन झाले की दोन उतारे हमखास येतात. एक नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातला. छडी आवरणाऱ्या बापाला मुलाची माया नाही, असा त्याचा आशय. दुसरा इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा आरंभ. मुलांनी आईबापांचे ऐकावे, असे तो सांगतो. बहुतेक प्रवचने इथे थांबतात. आपण थांबू नये. चौथ्या वचनात बापांना ताकीद आहे की, मुलांना संताप येईल असे वागू नये. ती क्वचितच ऐकू येते. पाचव्या वचनात दासांना सांगितले आहे की त्यांनी धन्याची आज्ञा भीत भीत पाळावी. त्याआधीच्या अध्यायात बायकोने नवऱ्याच्या अधीन असावे, असे आहे. बायको, मूल आणि दास या तिघांच्या वर एकच घरधनी.

ही यादी आम्हाला अनोळखी नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात 299 व्या श्लोकात बायको, मुलगा, दास, नोकर आणि धाकटा भाऊ अशी तिची मांडणी आहे. ते चुकले तर दोरीने किंवा बांबूच्या चिपाटीने मारावे. पुढचा श्लोक सांगतो, मारावे ते पाठीवर, डोक्यावर नव्हे. दोन्ही ग्रंथ एकच आहेत असे मी म्हणत नाही. पत्रकर्ता धन्यालाही धमकावू नको म्हणतो आणि देवापुढे धनी व दास सारखे मानतो. मनू तसे मानत नाही. पण घराची बांधणी दोघांनीही मालकाच्या बाजूनेच पाहिली आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृती जाळली गेली तो दिवस 25 डिसेंबर 1927, म्हणजे नाताळचा. त्या आगीची धग आमच्या फळीपर्यंत पोहोचली नाही, ही खंत मला लपवायची नाही.

पाचव्या वचनाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन मिशनरी 1831 साली नगरला आले, तेव्हा त्यांच्या देशात गुलामगिरी चालू होती आणि तिचे समर्थक याच वचनाचा आधार घेत होते. 1865 साली ती कायद्याने संपली. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्या मुक्तीच्या गौरवार्थ. आज कोणी पाळक दासाने धन्याला भ्यावे असे शिकवीत नाही. ते वचन त्या काळाचे होते, असे सगळे समजुतीने म्हणतात. मग दासाचे वचन काळाचे आणि मुलाच्या पाठीवरची छडी तेवढी सनातन, हे कसे?

काही सुबुद्ध पाळक सांगतात, ही मेंढपाळाची काठी आहे, मारण्याची नव्हे. मूळ हिब्रू शब्द तेविसाव्या स्तोत्रातल्या धीर देणाऱ्या काठीचाच आहे, हे खरे. पण नीतिसूत्रांचाच तेविसावा अध्याय मुलाला मारण्याबद्दल उघड बोलतो. त्यावर मऊ पांघरूण घालण्यापेक्षा सरळ नकार द्यावा. नकारासाठी आधारही शुभवर्तमानातच आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात शिष्य मुलांना आणणाऱ्यांना दटावतात, तेव्हा येशू रागावतो तो शिष्यांवर. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईबापांना न सांगता मागे राहतो, आई जाब विचारते आणि तो उलट प्रश्न करतो. त्या घरात फोक निघत नाही. पुढे तो त्यांच्या आज्ञेत राहिला, असेही लूक सांगतो. आज्ञापालन तिथे मारावाचून आले.

आमचे वडीलधारे म्हणतील, त्या शिस्तीनेच आम्ही माणसांत आलो. मी त्यांना विचारतो, नियमाने आलात की माराने? अक्षर गिरवल्याशिवाय निजायचे नाही, मुलगीही शाळेत जाईल, घरात दारू येणार नाही, हे नियम होते. त्यांनी आम्हाला उभे केले. मार कुठून आला? माझा आजा येसकर होता. चावडीवर त्याच्या पाठीवर चाबूक पडला होता. बाप्तिस्मा झाला तरी गावाची नजर बदलली नाही. म्हणून मुलाची प्रत्येक चूक बापाला साऱ्या जातीची बेअब्रू वाटे. मूल हे मूल नव्हते, जातीच्या वतीने परीक्षेला बसवलेला उमेदवार होते. चावडीचा चाबूक घरात येऊन फोक झाला, आणि आम्ही त्याला देवाची शिस्त म्हटले.

शाळेतल्या छडीला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. घरातली छडी शास्त्राच्या आधाराने अजून लटकते आहे. घराला नियम हवेत, यात मला शंका नाही. पण नियम करताना मुलाला त्याचे कारण सांगावे, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि तोच नियम बापालाही लागू असावा. खोटे बोलू नये हा नियम बापाने मोडला, तर त्याला विचारण्याचा हक्क मुलाला हवा. जे मूल घरात ‘का?’ म्हणू शकत नाही, ते उद्या चावडीवर ‘का?’ म्हणणार नाही. आणि आमची सगळी लढाई तर त्या एका प्रश्नासाठी आहे.