ओटा, शटर आणि पाटी

जुन्या बाजारपेठेवर लिहू लागला की आपला प्रस्थापित लेखक हमखास हळवा होतो. सागवानी खांब, कोरीव महिरपी, फळ्यांची दारे, गादीवर लोडाला टेकलेले शेठजी हे सारे गेले. शटर, काच आणि फ्लेक्स आले, म्हणून तो उसासे टाकतो. हा उसासा तपासला पाहिजे. दुकान कसे दिसते हे पाहणारा कुठे उभा आहे, त्यावर ठरते.

अमरावतीचा परकोट घ्या. निजामाच्या राजवटीत १८०७ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, हा त्याचा हेतू. जवाहर गेटच्या आतली पेठ या भिंतीच्या आधाराने राहिली. गावकुसाबाहेरच्या माणसाचा विचार त्या भिंतीत नव्हता, तसा तो दुकानाच्या ओट्यातही नव्हता. ओटा पावसाच्या पाण्यासाठी उंच केला, हे खरे. पण त्याने माणसांचीही प्रतवारी लावली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या आजाने वऱ्हाडातल्या एका पेठेत कापड घेतले ते ओट्याखाली उभे राहून. पैसे ओट्यावर ठेवायचे, कापड वरून टाकले जायचे. झेलणाऱ्याच्या नजरेसमोर महिरप येत नाही. ओट्याचा दगड येतो. आमच्या सौंदर्यविचाराची सुरुवात त्या दगडापासून होते.

नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. देवळाची पायरी आणि दुकानाचा ओटा एकाच व्यवस्थेने बांधलेले. फरक इतकाच की दुकानात आपला पैसा वर चालत होता.

मग शटर आले म्हणून आपण रडायचे कशाला? ओटा खाली आला, आत जाऊन आपल्या हाताने माल निवडता येऊ लागला, ही साधी गोष्ट नाही. परंतु येथेच थांबलो तर फसगत होईल. मी शिकवतो ते चिखलदरा पाहा. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण गोऱ्या साहेबांच्या नकाशावर आणले. येथे ना परकोट, ना महिरपी. आज दुकानांच्या दर्शनी भागावर काच आहे, रंगीत पाट्यांवर मेळघाटचा मध आहे, चिखलदऱ्याची कॉफी आहे. ज्यांचे हे रान, ती कोरकू बाई मात्र रस्त्याच्या कडेला जमिनीवर टोपली घेऊन बसते. ओटा नाहीसा झाला तरी उंची शिल्लक राहते. फक्त ती आता दगडाची नसून मालकीची आहे.

म्हणून बाजारपेठेवरचे लेखन वाचताना आपण दोन प्रश्न विचारावेत. ओट्याखाली कोण उभे होते? आणि आज पाटीवर नाव कोणाचे आहे? जुने कोरीव दरवाजे खुशाल जतन करा. ज्या सुताराने ते कोरले त्याच्या हाताचा तो मान आहे. पण दरवाजा जपताना ओट्याचा इतिहास पुसू नका. हा इतिहास गाळून लिहिलेल्या आठवणी कितीही देखण्या असल्या, तरी त्या अर्ध्याच रस्त्याच्या आठवणी आहेत.