शाळा वाचविणाऱ्या मुलींचा खेळ

मोबाइलवरील खेळास कथेची कसोटी लावणें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु जो खेळ कथा सांगतो, त्यास ती टाळतां यावयाची नाहीं. २०१३ सालीं जपानांत निघून ३१ मार्च २०२३ रोजीं बंद झालेला ‘लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल फेस्टिव्हल’ हा असाच एक. विद्यार्थिनींअभावीं बंद पडूं पाहणारी आपली शाळा वाचविण्यासाठीं नऊ मैत्रिणी गायन-नृत्याचें मंडळ काढतात, हें त्याचें मूळ कथासूत्र.

तालाची योजना खरोखर सुरेख होती. पडद्यावर अर्धवर्तुळांत नऊ मुखें. गाणें सुरू होतांच वलयें त्यांच्याकडे झेपावत व नेमक्या ठेक्यावर तेथें बोट टेकावें लागे. एकीकडे दुर्लक्ष झालें कीं ठेका चुकलाच! मैत्रीचा अर्थ येथें बोटांना कळे.

‘तालमी’पाशीं मात्र आमचें मन विटतें. मुली पत्त्यांच्या रूपानें सोडतींतून मिळत; मुख्य सोडतींत अतिदुर्मिळ पत्ता आरंभीं शंभरांत एक. एका पत्त्यास तालीम द्यावयाची तर दुसरे पत्ते त्यावर खर्ची घालावे लागत, व ते कायमचे नाहींसे होत. बळी जात ते बहुधा सर्वांत हलके पत्ते. त्यांवर चित्रें कोणाचीं? त्या नऊजणींचीं नव्हेत, तर साध्यासुध्या शाळकरी मुलींचीं. म्हणजे जिच्यासारखीसाठीं शाळा राखावयाची, तिचेंच खाद्य! खेळाला हिशेब हवाच, असें कोणी म्हणेल. हवा, पण या हिशेबानें कथेचा शब्द मोडला. त्या मुलींनाही मंडळांत उभें करतां येई, हें सांगितलें पाहिजे. मात्र तसें करणारा खेळाडू गुण गमावून बसे.