‘ऑल-इन-वंडर’ : दूरचित्रवाणी, संगणक आणि मराठी संहिता

कॅनडातील एटीआय कंपनीने १९९६ मध्ये ‘ऑल-इन-वंडर’ मालिकेतील पहिले कार्ड बाजारात आणले. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणे हे ग्राफिक्स कार्डाचे मूळ कार्य. या मालिकेने त्यास दूरचित्रवाणीचा ट्यूनर व चित्रमुद्रणाची सोय जोडली. २००१ च्या ‘रेडिऑन ८५०० डीव्ही’ या कार्डासोबत रिमोट कंट्रोलही देण्यात आला. ही मालिका आता इतिहासजमा झाली आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकापुढे तिने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही.

गुणांचा उल्लेख प्रथम करणे न्याय्य होय. घरोघरचा रिमोट बहुधा अवरक्त किरणांवर चालतो व संचाच्या रोखाने धरावा लागतो. हा रिमोट रेडिओलहरींवर चालत असल्याने मधल्या भिंतीचीही अडचण त्यास होत नसे. संगणकाचा वाचक हातभर अंतरावर, तर दूरचित्रवाणीचा प्रेक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसतो, हा भेद रचनाकारांनी नेमका ओळखला होता. दोषही तितकाच उघड आहे. ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, सेकंदास २५ चित्रांचे असंकुचित मुद्रण तासाभरात सुमारे ७५ गिगाबाइट जागा व्यापते. म्हणून संकोचन अपरिहार्य. पण त्याचे बरेचसे ओझे कार्डाऐवजी संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर पडे.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने कार्डाचा खरा विशेष निराळाच आहे. अमेरिकेत चित्रसंकेताबरोबर कर्णबधिर प्रेक्षकांसाठी संवादांची लिखित संहिताही येते. कार्डाची आज्ञावली ही संहिता टिपून घेई. इतकेच नव्हे, तर नेमून दिलेला शब्द संवादात येताच प्रेक्षकास सूचना देई. उच्चारित भाषेचा शब्दसंग्रह घरबसल्या साठविण्याचे हे साधनच होते.

मराठीच्या संदर्भात मात्र ही सोय निरर्थक ठरते. त्या काळी भारताची प्रक्षेपणपद्धती ६२५ रेषांची पाल होती, तर अमेरिकेची ५२५ रेषांची एनटीएससी होती. हा भेद खरा, परंतु गौण होय. अमेरिकी संहितेच्या अक्षरसंचात देवनागरीस स्थान नाही; आणि १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यापासून मराठी संवाद बहुतांशी लिखित संहितेविनाच प्रक्षेपित होत आले आहेत. यंत्र वाचावयास सज्ज होते. वाचावयास मजकूर नव्हता.

या उणिवेचा अर्थ काशीमीरासारख्या ठिकाणी स्पष्ट होतो. घोडबंदर रस्ता महामार्गास मिळतो तेथील या वस्तीत आगरी बोलीच्या शेजारी कोकणातून व देशावरून आलेल्यांची मराठी, तसेच हिंदी व गुजरातीही ऐकू येते. दूरचित्रवाणीच्या प्रमाण मराठीचा येथील बोलीवर काय परिणाम झाला, हे ठरविण्यास दोन्ही बाजूंचा पुरावा हवा. बोलीचा पुरावा काशीगावात वा मीरागावात बसून गोळा करता येतो. दूरचित्रवाणीच्या मराठीचा मात्र तासन्‌तास ऐकून हाताने उतरवावा लागतो.

आज केबलचे प्रक्षेपण अंकीय झाले आहे. सेट-टॉप बॉक्समधून येणारे चित्र बाहेरील जोडणीने घेता आले, तरी कार्डाच्या रिमोटने वाहिनी बदलता येत नाही. तेव्हा वापरासाठी या कार्डाची शिफारस करता येणार नाही. त्याने दाखविलेली दिशा मात्र ग्राह्य आहे : ध्वनी, चित्र व संहिता एकत्र जपली, तरच दूरचित्रवाणी भाषेचा पुरावा ठरते. मराठी वाहिन्यांनी व विद्यापीठांनी हे कार्य हाती घेतले नाही, तर पन्नासांहून अधिक वर्षांच्या मराठी बोलण्याची चित्रे कदाचित उरतील. तीत काय बोलले गेले, हे शोधण्याचा मार्ग उरणार नाही.