कॅमेरा खिशात आहे, पत्त्यांची वही कुठं?

मराठी पडद्यावर वऱ्हाडी माणसाला दोनच कामं. एक हसवायचं, दुसरं फास घ्यायचं. विनोदी कार्यक्रमात कुणी 'काहून बे' म्हटलं की प्रेक्षक खुर्चीतून पडतात. आमच्या मायची भाषा म्हणजे यांची जेवणानंतरची सुपारी! आणि कपाशी, कर्ज, झाड, दोर असा मामला आला की तीच भाषा एकदम गंभीर होते, मागं बासरी वाजायला लागते. मधल्या आयुष्याचं काय? पाळीवर जाणं, उधारी, प्रेम, मोर्चा, ग्रामपंचायतीतली मारामारी हे सगळं आम्ही कोणत्या भाषेत करतो?

सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) त्या दुसऱ्या रांगेतला असूनही वेगळा उभा राहतो, कारण त्यात मरणापेक्षा मरणाची धास्ती आहे. शेजाऱ्यानं जीव दिला म्हणून बायको आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते, आणि ती पाळत बघताना हसूही येतं. हे हसू खरं आहे, आपल्या घरातलं आहे. पण मुख्य नट बाहेरचे, भाषा शिकून घेतलेली. 'स्थळ'मध्ये ही अडचण राहिली नाही. जयंत सोमलकरनं चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला जाऊन गावच्याच माणसांना उभं केलं. पाहुणे येतात, पोरीला बसवतात, नाव काय, उंची किती विचारतात, पोहे खातात, निघून जातात. मग दुसरे येतात. पुन्हा नाव काय, उंची किती. या 'पुन्हा'तच सगळा चित्रपट आहे. कुणी मोठा नट नाही, नाच नाही, परदेशातलं गाणं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात तो टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या थिएटरात आला २०२५ च्या मार्चमध्ये. म्हणजे कॅनडाला आधी आणि चांद्याला दीड वर्षानं. यात सोमलकरचा दोष नाही. रस्ताच तसा बांधलेला आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. 'स्थळ' हा कापूस पिकवणाऱ्याच्या घरातला चित्रपट. त्याच कापसाच्या वेचणीला जी बाई आपल्या वस्तीतून पहाटे निघते, ती त्याच्या मध्यभागी नाही. तिला मध्यभागी कोण आणणार? सोमलकरनंच आणावी असं मी म्हणत नाही. ते आपलं काम आहे. म्हणून आता आपल्याबद्दल बोलू.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ जण गुरुकुंज मोझरीला भेटलो. मोझरी एवढ्यासाठी की ते अमरावती-नागपूर रस्त्यावर आहे, तिवशाच्या, अमरावतीच्या, वर्धेकडच्या पोरांना एका बसमध्ये गाठता येतं, आणि झाडाखाली बसलं तर 'चहा घ्या नाहीतर उठा' असं कुणी म्हणत नाही. अकोल्याचा पोट्टा अंधारातच निघाला होता. सगळ्यांनी मोबाईलवर काढलेल्या आपापल्या फिल्मा आणल्या होत्या. एकेक फोन हातोहात फिरला.

दोस्तहो, राग मानू नका, जे पाहिलं ते लिहितो. सातातल्या पाच फिल्मांत आत्महत्या. तिघांनी कुणाच्या तरी लग्नातला ड्रोन मागून आणला होता, म्हणून आपलं गाव आभाळातून दिसतं, एकाही घराचं दार दिसत नाही. 'सैराट' (२०१६) पाहिल्यापासून पोरगी आली की चाल मंदावते, ओढणी उडते. मंजुळेनं ते का केलं आणि शेवटाला ते का मोडलं, हा विचार नाही. चौघांच्या फिल्मांत संवादच ऐकू येत नाहीत. वारा, मोटारपंप आणि रस्त्यावरचे ट्रक एवढेच बोलतात. कमी पैशात चित्र निभावतं, आवाज निभावत नाही, ही साधी गोष्ट आपण शिकलो नाही. बोलणाऱ्याच्या छातीला चिमट्याचा माईक लावला, नाहीतर दुसरा फोन त्याच्या खिशात रेकॉर्डिंगला ठेवला, तरी अर्धी फिल्म वाचते. आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला पाटी: कथा, पटकथा, संवाद, गीत, संकलन, दिग्दर्शन, आणि पुढं एकच नाव! अरे लेका, एवढी कामं एकट्यानं केली तर बाकीचे दहाजण काय सतरंजी उचलायला आले होते?

एक फिल्म मात्र अंगावर आली. चार मिनिटांची. संध्याकाळ, वावराच्या धुऱ्यावर काटा टांगलेला. बाया गाठोडी घेऊन रांगेत. एकीचं गाठोडं काट्याला लागतं, मालक म्हणतो, ओल आहे, दोन किलो कापतो. ती काही बोलत नाही. खाली बसते, गाठोडं सोडते, कापूस दोन्ही हातांनी वर उचलून धरते, त्याला दाखवते. बस, एवढंच. संगीत नाही, रडणं नाही. ती बाई काढणाऱ्याची मावशी. खरोखर वेचणीला जाणारी. तिला कुणी 'अभिनय कर' सांगितलं नव्हतं, रोज जे करते तेच करायला सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, किती जणांनी पाहिली? तो म्हणाला, "पिक्चर त झाला भौ, पन दाखोवू कोनाले? यूट्यूबवर टाकला, बावीस जनायनं पाह्यला. त्यातले धा घरचेच हायेत."

खरं दुखणं इथं आहे.

आपल्या साहित्याच्या बाबतीत काय झालं ते आठवा. प्रस्थापित मासिकं आपल्या कवितेला दारात उभं करत नव्हती, तेव्हा आपल्या माणसांनी स्टेन्सिल कापलं, चक्र फिरवलं, शाईनं हात काळे केले. सगळे त्या यंत्राचं कौतुक करतात. पण नुसत्या यंत्रानं काही झालं नसतं. यंत्राच्या बाजूला एक वही असायची. त्यात पत्ते. परभणीचा एक मास्तर, नांदेडचा पोस्टमन, परळच्या गिरणीतला एक. अंक निघाला की त्या पत्त्यांवर जायचा, आणि त्या पत्त्यांवरून कविता परत यायच्या. साठच्या दशकाच्या शेवटी तेव्हाच्या औरंगाबादेतून निघू लागलेल्या 'अस्मितादर्श'नं पुढं लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. लिहिणारा आणि वाचणारा एकाच मांडवात. आज मोबाईलचा कॅमेरा हे आपलं सायक्लोस्टाइल यंत्र आहे, पण वही नाही. त्यामुळं अमरावतीच्या पोराला अचलपूरचा माहीत नाही, अचलपूरच्याला अकोल्याचा नाही, आणि प्रत्येकजण पहिली फिल्म काढून थकतो. दुसरी काढणारे बोटावर मोजण्याइतके.

कुणी म्हणेल, पैसा नाही हे खरं कारण. पैशाचं पाहू. भाऊराव कऱ्हाडेनं 'ख्वाडा'साठी (२०१५) शेती विकली, ही गोष्ट सगळीकडं कौतुकानं सांगतात. जिगर मोठी, चित्रपटही चांगला. पण ज्याच्या बापाला वावरच नव्हतं त्यानं काय विकावं? सरकारी अनुदान म्हणाल तर ते चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षण झाल्यावर. आधी लागणारा पैसा तुमचा. आणि भेटीगाठी म्हणाल तर गोव्यात २००७ पासून एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो. चित्रपट करणारे आणि पैसा लावणारे तिथं भेटतात. काही चांगले मराठी चित्रपट त्या वाटेनं गेले, हे मान्य. पण नावातच बाजार आहे, आणि आत शिरायला नोंदणीचे पैसे. सूतगिरणीत तीन पाळ्या चालतात, साप्ताहिक सुट्टी एकाची मंगळवारी तर दुसऱ्याची शुक्रवारी. चार नट एका दिवशी जमवणं हीच आमची मोठी निर्मिती. गोवा कुठून?

तरी उदाहरणं आहेत. नागराज मंजुळेनं 'पिस्तुल्या' केला तो तेव्हाच्या अहमदनगरला शिकत असताना, अभ्यासाचा भाग म्हणून. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पोराची छोटी फिल्म, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 'फँड्री' (२०१३). डुक्कर खांद्यावर टांगून नेतात आणि मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, आपल्या अमरावती जिल्ह्याचे गाडगेबाबा रंगवलेले. शेवटी जब्या दगड मारतो तो थेट कॅमेऱ्यावर. तो दगड कुणाला लागला यावर इतकं लिहिलं गेलं की कवी असलेल्या दिग्दर्शकानं आधी कविता कुठं छापल्या, कुणाच्या खोलीवर बसून वाचल्या, हे कुणी विचारलं नाही. माणूस एकटा उगवत नाही.

'कोर्ट' (२०१४) घ्या. चैतन्य ताम्हाणे आपल्यातला नाही, पण त्याला लोकशाहीर नारायण कांबळे हवा होता आणि तो मिळाला नागपुरात. वीरा साथीदार, चळवळीचा कार्यकर्ता, 'विद्रोही'चा संपादक. नियतकालिक काढणारा माणूस पडद्यावर जाऊन बसला आणि धंदेवाईक नट त्याच्यापुढं पुठ्ठ्याचे वाटले. त्याच्या तोंडावर जे होतं ते मेकअपचं नव्हतं. व्हेनिसला बक्षीस, राष्ट्रीय पुरस्कार, सगळं झालं. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं त्याला नेलं. त्याच्याकडं केवढी मोठी वही असेल!

आणि सोमनाथ वाघमारे. भीमा कोरेगाववर त्यानं २०१७ साली माहितीपट केला, मग 'चैत्यभूमी' (२०२३). सहा डिसेंबरला दादरला लोटणारी माणसं ज्यांना फक्त रहदारीची अडचण वाटते, त्यांनी तो बघावा. पण हा माहितीपट पुढं आणायला हात कुणाचा लागला? चेन्नईच्या पा. रंजितच्या 'नीलम'चा. त्याच रंजितनं मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ'ला (२०१८) पैसा उभा केला होता. एक जण वर चढला आणि त्यानं खाली शिडी सोडली. आपल्याकडं मंजुळेनं बार्शीच्या विनोद कांबळेच्या 'कस्तुरी'ला २०२३ साली आपलं नाव जोडलं, हेही नोंदवलं पाहिजे. पण एवढ्या महाराष्ट्रात शिड्या दोन-तीनच, आणि त्याही मुंबई-पुण्याच्या भिंतीला टेकवलेल्या.

शिडी नसेल तर सपाटीवर कसं चालायचं ते केरळात जॉन अब्राहमनं दाखवलं. १९८४ मध्ये त्यानं आणि मित्रांनी 'ओडेसा' नावाचा गट काढला. गावोगाव जाऊन पडदा लावायचे, चांगले चित्रपट दाखवायचे, मग लोकांपुढं झोळी धरायची. त्या चिल्लरीतून 'अम्मा अरियान' (१९८६) झाला. प्रेक्षक आधी जमवला, चित्रपट नंतर. बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांवर झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते दोन रुपये गोळा करायला गावोगाव दूध डेअऱ्या होत्या, हे विसरतात. जाळं आधीच विणलेलं होतं.

मोझरीत बसून हे बोलताना समोर काय होतं? एक माणूस खंजिरी घेऊन निघाला. १९३५ साली इथं आश्रम बांधला. खंजिरीला खर्च किती? पण गावोगाव गुरुदेव सेवा मंडळ उभं राहिलं, संध्याकाळी ठरल्या वेळी माणसं सतरंजीवर बसू लागली. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, तरी पुण्यतिथीला अजून लाखोंची गर्दी लोटते आणि मौन पाळते. आपले काही मित्र म्हणतील, भजन आपलं नाही. नाहीच. मीही प्रार्थनेला हात जोडत नाही. पण त्या सतरंजीकडं बघायला काय हरकत आहे? आणि ती आपल्यालाही परकी नाही. भीमराव कर्डकांचा जलसा १९३० च्या दशकात याच तऱ्हेनं फिरला. चार माणसं, एक ढोलकी, आणि पुढच्या गावात कुणाच्या ओसरीवर उतरायचं ते आधीच ठरलेलं.

आपण मात्र एकमेकांना कधी भेटतो? स्पर्धेत. कुणाला बक्षीस, कुणाला प्रमाणपत्र, आणि परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. स्पर्धेनं दिग्दर्शक मिळतील, साथीदार मिळणार नाहीत. मोझरीच्या त्या बैठकीत हे भांडण झालंच. ज्याच्याकडं चांगला फोन तो द्यायला तयार नाही, ज्याच्याकडं गोष्ट आहे तो सांगायला तयार नाही, चोरतील म्हणून. मी म्हटलं, तुझी गोष्ट चोरून कोण कुठं नेणार आहे, तिवशाला? तेव्हा जरा हसले आणि मोकळे झाले.

मला स्वतःला गिरणीवर एक फिल्म हवी आहे. रिंगफ्रेमच्या खात्यात बोलणं ऐकू येत नाही, माणसं ओठांवर आणि हातांवर बोलतात. आवाजाची कटकटच नाही! तो काट्याचा पोट्टा येतो म्हणाला आहे. आत कॅमेरा नेऊ देणार नाहीत, म्हणून खोलीवर, पाळीवरून आलेल्या माणसांकडून तेच हात पुन्हा करून घ्यायचे.

तोवर ठरलेलं काम असं. या अंकाच्या मागच्या पानावर जागा कोरी सोडली आहे. तिथं नाव, गाव आणि जवळ काय आहे ते लिहून पाठवा. कॅमेरा, माईक, मोटारसायकल, वीज असलेली पांढरी भिंत, समाजमंदिराची चावी ज्याच्याकडं आहे तो ओळखीचा माणूस, काहीही. बुद्धविहाराच्या अंगणात महिन्यातून एकदा पडदा लागला पाहिजे, पहिली फिल्म काट्याची, आणि ती मावशी पुढच्या सतरंजीवर. यादीत पहिलं नाव अकोल्याच्या पोट्ट्याचं आहे. प्रोजेक्टर त्याच्याकडं नाही. आज्याची दोन धोतरं आहेत, ती जोडून पडदा शिवून आणतो म्हणाला.