जूलियरचा लाल मनोरा

'तात्पुरते बांधकाम' हे शब्द सरकारी कागदांत आम्ही नोकरीभर वाचले आणि त्यांचा अर्थ 'दुय्यम' असाच घेतला. स्वित्झर्लंडच्या जूलियर खिंडीतील लाकडी नाट्यगृहाने तो अर्थ पुन्हा तपासायला लावला.

२२८४ मीटर उंचीच्या या खिंडीत जोव्हानी नेट्झर यांच्या 'ओरिजेन' संस्थेने २०१७ मध्ये तीस मीटर उंचीचा लाल मनोरा उभारला. दहा लाकडी बुरूज एकत्र जोडलेले, मध्ये छतापासून टांगलेला, वरखाली होणारा रंगमंच आणि खिडक्यांतून दिसणारे पर्वत. परवानगी मर्यादित मुदतीचीच होती. २०२३ मध्ये मनोरा उतरवण्यात आला. 'ओरिजेन'चे कार्य रोमान्श भाषेच्या प्रदेशातले. ही भाषा बोलणारे जेमतेम साठ हजार, तरी १९३८ पासून ती त्या देशाची एक राष्ट्रभाषा आहे. जर्मन, इटालियन व रोमान्श या तिन्ही भाषांचे प्रदेश या खिंडीच्या आसपास येतात.

आम्ही मनोरा प्रत्यक्ष पाहिलेला नाही. छायाचित्रे आणि वर्णने यांवरच आमचे मत बेतले आहे. संपण्याचे आधीच मान्य करून उभे राहणे, हा त्याचा मोठेपणा आम्हांस वाटतो. मात्र एक उणीवही जाणवते. वास्तूविषयी जेवढे वाचायला मिळाले, तेवढे तिथे झालेल्या प्रयोगांविषयी मिळाले नाही. पात्राने अन्नाला झाकून टाकावे, तसे हे झाले.

आपल्या नाटक कंपन्यांचे याच्या उलट होते. बांबू, पत्रे, कनाती. मुक्काम हलला की मैदान मोकळे. त्या मांडवांची चित्रे कोणी जपली नाहीत, पण कुंदगोळचे रामभाऊ कन्नड मुलखातून मराठी रंगभूमीवर जाऊन 'सवाई गंधर्व' झाले, हे आपण विसरलेलो नाही. मांडव गेला, गाणे उरले.

लॅमिंग्टन रोडवर चार मराठी माणसे भेटली की आजही स्वतःच्या सभागृहाचा विषय निघतो. निधी, जागा, नकाशा यांवर तास जातो. आतमध्ये नाटक कोण करणार, आणि आपल्या नातवंडांपैकी किती जणांना त्याची संहिता वाचता येईल, हे कोणी विचारत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते.

सभागृह व्हावे, याला आमचा विरोध नाही. पण तोवर एखाद्या अंगणात मांडव घालून मुलांकडून एक अंक बसवून घ्यावा. दुसऱ्या दिवशी मांडव सोडला तरी चालेल. मुलांच्या तोंडी बसलेली वाक्ये राहतील.